भुकेची घंटा, तृप्तीचा निरोप

‘जिभेवर जरा ताबा ठेव गं!’ बाळंतपणानंतर सुटलेल्या किंवा चाळिशीनंतर अंगाने भरलेल्या बहुतेक बायकांनी हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. सासूकडून, नवऱ्याकडून आणि आता तर पोटच्या मुलांकडूनही! बोलणारा सहज बोलून जातो, ऐकणारी मात्र ते मनात धरून बसते. बचत गटाच्या बैठकीनंतर गप्पा रंगल्या की वजनाचा विषय निघतोच आणि मग प्रत्येकीच्या बोलण्यात तोच अपराधी सूर. ‘मला राहवतच नाही हो’, ‘सोमवारी ठरवते आणि बुधवारी मोडते’. जणू भूक लागणं हा स्वभावातला दोष आहे!

खरं तर भूक आणि तृप्ती या दोन्ही गोष्टी आपल्या मनाच्या निर्धारावर फारशा अवलंबून नाहीत. त्यांचं एक वेगळंच कामकाज पोटात चालू असतं आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत शास्त्रज्ञांनी त्याचा बराच छडा लावला आहे. आपल्याला वाटतं, पोट रिकामं झालं की भूक आणि भरलं की तृप्ती. म्हणजे एकाच काट्याची दोन टोकं. पण शरीरात ही दोन स्वतंत्र खाती आहेत. ‘खायला दे’ हा निरोप निघतो जठरातून. तो नेणाऱ्या हार्मोनचं (शाळेच्या पुस्तकात त्याला संप्रेरक म्हणायचे) नाव आहे घ्रेलिन. ‘आता पुरे’ म्हणणारी मंडळी अनेक आहेत, पण त्यांतलं आज सगळ्यात गाजणारं नाव म्हणजे जीएलपी-१. ते बनतं आतड्यात, त्यातही जास्त करून शेवटच्या भागात. दोघांची जागा वेगळी, वेळ वेगळी आणि वागण्याची तऱ्हा तर अगदीच वेगळी.

आधी घ्रेलिनची गोष्ट. १९९९ साली जपानमध्ये ओसाकाजवळ मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा हे शास्त्रज्ञ शरीराच्या वाढीच्या हार्मोनला चालना देणारा पदार्थ शोधत होते. तो सापडला उंदराच्या जठरात! त्याला नाव देताना त्यांनी ‘वाढणं’ या अर्थाच्या एका प्राचीन धातूचा आधार घेतला. मला याची गंमत वाटते, कारण आपल्या मराठीत ‘वाढणं’ म्हणजे मोठं होणंही आणि ताटात वाढणंही. पुढे लक्षात आलं की, या पदार्थाचं ताटाशी असलेलं नातं जास्तच घट्ट आहे. २००१ साली लंडनमध्ये नऊ निरोगी माणसांना शिरेतून घ्रेलिन दिलं आणि मग हवं ते, हवं तेवढं खा असं सांगितलं. एरवीपेक्षा त्यांनी २८ टक्के जास्त खाल्लं. ही माणसं काही आदल्या दिवसापेक्षा अचानक हावरट झाली नव्हती. रक्तात घ्रेलिन वाढलं होतं, इतकंच.

रोजच्या आयुष्यात घ्रेलिन जेवणाआधी चढतं आणि जेवल्यावर तासाभरात उतरतं. ते शाळेच्या घंटेसारखं आहे. तुमच्या जेवणाच्या वेळा त्याला पाठ असतात. रोज दुपारी एकला जेवणारीच्या पोटात साडेबारापासूनच कावळे ओरडू लागतात, मग सकाळचा नाश्ता कितीही दणकट झालेला असो. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट उपासाची आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही जणांना ३३ तास उपाशी ठेवून वरचेवर त्यांचं रक्त तपासलं. अपेक्षा अशी की, उपास लांबेल तसं घ्रेलिन चढतच जाईल. तसं झालं नाही. नेहमीच्या जेवणाच्या वेळेला ते चढलं आणि काहीही न खाता आपोआप उतरलं! पुढच्या जेवणाच्या वेळी पुन्हा तसंच.

निर्जळी किंवा कडक उपास करणाऱ्या आपल्या आज्यांना हे प्रयोगाशिवाय माहीत होतं. ‘बारा वाजता जरा कासावीस होतं, ती वेळ टळली की काही वाटत नाही,’ असं त्या म्हणायच्या. भूक ही लाटेसारखी येते आणि ओसरते. आता आपण ती लाट यायच्या आतच साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर वेफर्स घेऊन बसतो, हा भाग वेगळा. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण काही उगाच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यातल्या दाण्याच्या कुटाचीच काय ती पोटाला साथ.

ही घंटा मनाचंही ऐकते. २०११ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात ४६ जणांना दोन वेगवेगळ्या दिवशी मिल्कशेक दिला. दोन्ही वेळी पेय एकच, ३८० कॅलरींचं. फक्त बाटलीवरची चिठ्ठी निराळी. एकदा लिहिलं होतं ६२० कॅलरी, भरपूर चविष्ट वगैरे. दुसऱ्यांदा १४० कॅलरी, तब्येतीला हलकं. भरगच्च पेय प्यायलो असं वाटलेल्या दिवशी घ्रेलिन झपाट्याने उतरलं, ‘हलकं’ प्यायलेल्या दिवशी ते फारसं हललंच नाही. ‘डाएट’ असं लिहिलेला चिवडा खाऊन समाधान का होत नाही, याचं उत्तर बहुधा इथे आहे. नाक मुरडत, मन मारून खाल्लेलं अंगी लागत नाही असं आई म्हणायची, तेही आठवलं.

आणि झोप! ‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ या म्हणीत भूक आणि झोप शेजारीशेजारी बसल्या आहेत. शरीरातही त्या शेजारणीच आहेत. २००४ साली शिकागोत बारा तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. भरपूर झोपेच्या तुलनेत त्यांचं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, भूक २४ टक्क्यांनी वाढली, आणि ओढ कशाची लागली तर गोड, खारट आणि पिठाळ पदार्थांची. म्हणजे आपल्या भाषेत बिस्किट, फरसाण आणि पाव. प्रयोग दोन रात्रींचा आणि सगळे पुरुष. आमच्या वस्तीत नळाला पहाटे चारला पाणी येतं. तिथल्या बाईच्या वर्षानुवर्षांच्या अर्धवट झोपेचा हिशोब त्यात कुठून असणार? तिने सकाळी दहाला चहाबरोबर अर्धा पुडा बिस्किटं संपवली, तर तिला ‘ताबा नाही’ म्हणण्याआधी हा आकडा आठवावा.

आता दुसरा निरोप्या, जीएलपी-१. घ्रेलिन घंटेसारखं असेल, तर हे जुन्या काळच्या पोस्टमनसारखं आहे. घंटा वाजायला अन्न लागत नाही, घड्याळ पुरतं. पोस्टमन मात्र हातात पत्र पडल्याशिवाय निघत नाही. आतड्यात अन्न पोचायला लागलं की, दहा-पंधरा मिनिटांत जीएलपी-१ वाढायला लागतं आणि त्याचा खरा जोर नंतर येतो. ते तीन कामं करतं. रक्तात साखर वाढलेली असेल तेव्हा स्वादुपिंडाला जास्त इन्शुलिन सोडायला सांगतं. जठराला ‘अन्न जरा सावकाश पुढे ढकल’ म्हणतं. आणि मेंदूला कळवतं की आता पुरे. बिचाऱ्याचं आयुष्य फार थोडं. रक्तात आल्यावर जेमतेम दोन मिनिटांत एक एन्झाइम त्याचे तुकडे पाडतं. तुमच्या घरात कुणी मधुमेहाची गोळी घेत असेल आणि तिच्यातल्या औषधाच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिप्टिन’ असेल (सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन वगैरे), तर ती गोळी नेमकं हेच एन्झाइम रोखते, म्हणजे आपलं स्वतःचं जीएलपी-१ थोडं जास्त टिकतं.

या हार्मोनच्या शोधात एका बाईचा फार मोठा वाटा आहे आणि तो बराच काळ झाकलेलाच राहिला. स्वेतलाना मोयसोव्ह या तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या स्कोप्ये शहरात जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञ. १९८० च्या दशकात अमेरिकेत बोस्टनच्या रुग्णालयात काम करताना या रेणूचा नेमका कोणता तुकडा कामाचा आहे हे त्यांनी ओळखलं आणि तो ओळखायची साधनंही स्वतः तयार केली. तो तुकडा इन्शुलिन सोडायला लावतो, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं. पण पेटंटवर सुरुवातीला नाव एकट्या पुरुष सहकाऱ्याचं! वकिलांमार्फत झगडून त्यांनी आपलं नाव सहसंशोधक म्हणून घालून घेतलं. तरीही २०२१ साली कॅनडाचा मानाचा गेर्डनर पुरस्कार या विषयासाठी तीन पुरुषांना मिळाला, त्यांत त्या नव्हत्या. अखेर २०२४ साली लास्कर पुरस्कारात त्यांचं नाव आलं. त्यांच्यासोबत जोएल हॅबेनर होते आणि डेन्मार्कच्या लोट्टे बियेर क्नुडसेन याही होत्या, ज्यांनी दोन मिनिटांच्या या रेणूला टिकाऊ औषधाचं रूप दिलं. स्वयंपाक एकीने करावा आणि ‘काय झालाय!’ ही दाद वाढणाऱ्याला मिळावी, हा प्रकार प्रयोगशाळेतही चालतो तर!

घंटा आणि पोस्टमन यांच्यातला हा वेळेचा फरक ताटाशी बसल्यावर फार महत्त्वाचा ठरतो. भूक लगेच ओरडते, तृप्ती उशिरा पोचते. मधल्या दहा-पंधरा मिनिटांत जेवण उरकलं, तर पोस्टमन दारात येईपर्यंत आपण तिसरी पोळी संपवलेली असते. २०१० साली ग्रीसमध्ये १७ पुरुषांना तेवढंच आइस्क्रीम एकदा पाच मिनिटांत आणि एकदा अर्ध्या तासात खायला दिलं. सावकाश खाल्लं तेव्हा जीएलपी-१ आणि त्याच्याच जोडीचं आणखी एक तृप्तीचं हार्मोन जास्त वाढलं. घ्रेलिनमध्ये मात्र फरक दिसला नाही. पंगतीत यजमान हात जोडून ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतात, ते केवळ औपचारिक नव्हे म्हणायचं!

पण सावकाश जेवायला मिळतं कुणाला? घरात सगळ्यात शेवटी जेवणारी बाई गरम पोळ्या वाढता वाढता अर्धी पोळी उभ्याने खाते, मुलांच्या ताटातलं टाकवत नाही म्हणून तोंडात टाकते आणि स्वतः बसते तेव्हा आमटी संपलेली, उसळ तळाला, भात मात्र उरलेला. म्हणजे वेळही नाही आणि ज्याने तृप्तीचा निरोप लवकर व नीट पोचतो ते डाळ, कडधान्य, भाजी, दही हेही नाही. इथे आणखी एक अभ्यास सांगते. २०१५ साली न्यूयॉर्कमध्ये मधुमेह असलेल्या अकरा जणांना तेच जेवण वेगळ्या क्रमाने दिलं. आधी भाजी आणि प्रथिनं खाऊन शेवटी पाव खाल्ला, तेव्हा तासाभराने रक्तातली साखर आधी पाव खाल्ला होता त्यापेक्षा ३७ टक्क्यांनी कमी होती. त्याच गटाने २०१८ मध्ये दाखवलं की, आधी पाव खाल्ला तर तीन तासांत घ्रेलिन पुन्हा जेवणाआधीच्या पातळीवर येतं. शेवटी खाल्ला तर ते खालीच राहतं. आपल्याकडे पंगतीत पहिला वाढतात तो वरणभात. तो सोडा असं मी म्हणणार नाही, तुपाची धार आणि लिंबाची फोड घातलेल्या वरणभाताला पर्याय नाही! पण रोजच्या जेवणात आधी कोशिंबीर आणि वाटीभर उसळ, मग पोळी किंवा भाकरी, शेवटी भात, एवढं करायला पैसा लागत नाही. अट एकच, उसळ तिच्यासाठी उरायला हवी. आमच्या गटातल्या एका सुनेने आता आपली वाटी आधीच भरून झाकून ठेवायला सुरुवात केली आहे. सासूबाई आठ दिवस फुरंगटून होत्या म्हणे.

वजन कमी करू लागलं की, या दोघांचं वागणं आणखी पाहण्यासारखं होतं. आपला समज असा की जाड माणसाची भूक मोठी, म्हणजे घ्रेलिनही जास्त असणार. प्रत्यक्षात लठ्ठ व्यक्तींमध्ये ते बारीक व्यक्तींपेक्षा कमी असतं! खरा घोळ होतो वजन उतरल्यावर. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी खाण्यावर ठेवलं. २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. वजन चांगलं उतरलं. पण वर्ष उलटल्यावरही घ्रेलिन सुरुवातीपेक्षा जास्तच होतं, तृप्तीचे काही निरोप मंदावले होते आणि लोकांना भूकही पूर्वीपेक्षा जास्त लागत होती. शरीराला वजन घटणं म्हणजे दुष्काळ वाटतो आणि ते घंटा जोरात बडवू लागतं. ‘कमी केलं होतं हो, पण सगळं परत आलं’ असं सांगताना आमच्या मैत्रिणी मान खाली घालतात, त्यांनी हा अभ्यास जरूर लक्षात ठेवावा. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांचा परिणाम टिकतो, त्यामागेही हे दोघे आहेत. जठराचा मोठा भाग काढून टाकतात त्या शस्त्रक्रियेत घ्रेलिन बनवणारा वरचा भागच जातो. आणि बायपासमध्ये अन्न लवकर खालच्या आतड्यात पोचतं, त्यामुळे जीएलपी-१ उसळी मारतं.

औषधं बनवणाऱ्यांनी दोघांवरही प्रयत्न केले. घ्रेलिन रोखून वजन उतरवायचे प्रयत्न मात्र फसले. घंटा बंद केली तरी भूक दुसऱ्या दाराने येते. उलट घ्रेलिनची नक्कल करणारं अ‍ॅनामोरेलिन हे औषध २०२१ साली जपानमध्ये मान्य झालं, तेही कॅन्सरमध्ये अन्नावरची वासना उडून खंगत जाणाऱ्या रुग्णांसाठी. घरात असा पेशंट पाहिलेल्या बाईला भूक लागणं ही केवढी देणगी आहे, हे वेगळं सांगायला नको.

जीएलपी-१ च्या नकलेची गोष्ट मात्र जगभर गेली. अमेरिकेतल्या वाळवंटी भागातल्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात, जीएलपी-१ सारखाच पण चटकन न मोडणारा पदार्थ १९९२ साली जॉन एंग यांना सापडला. त्यावरून आलेलं मधुमेहाचं इंजेक्शन २००५ साली तिकडे मान्य झालं. मग आठवड्यातून एकदाच घ्यायचं सेमाग्लुटाइड आलं. २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत त्याने सरासरी १५ टक्के वजन उतरलं. नुसत्या पाण्याच्या इंजेक्शनने अडीच टक्केसुद्धा नाही. २०२५ साली मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही इंजेक्शनं भारतातही आली. मौंजारोत जीएलपी-१ च्या जोडीला आतड्यातल्या आणखी एका हार्मोनची नक्कल आहे. ज्यांना लठ्ठपणाबरोबर मधुमेह, रक्तदाब, हृदयविकाराचा धोका आहे, अशांना ही औषधं खरोखरच वरदान ठरली आहेत. त्यांना ‘इंजेक्शन घेऊन बारीक होते’ म्हणून हिणवणं मला बिलकूल पटत नाही. चष्मा लावणाऱ्याला आपण ‘डोळ्यांवर ताबा ठेव’ म्हणतो का?

मात्र आमच्याकडे प्रश्न आला तो निराळाच. गटातल्या एका आईने विचारलं, ‘मुलीला चार महिने ते इंजेक्शन दिलं तर?’ मुलगी चोवीस वर्षांची, उंची पाच फूट दोन इंच, वजन ६२ किलो. स्थळाकडून ‘मुलगी जरा अंगाने आहे’ असा निरोप आलेला. आई एक सोनसाखळी मोडायला तयार!

मी डॉक्टर नाही, पण या औषधांच्या अधिकृत माहितीपत्रात जे लिहिलंय ते तिला समजावून सांगितलं. ही औषधं ज्यांचा बीएमआय ३० किंवा त्याहून जास्त आहे त्यांच्यासाठी, किंवा २७ च्या वर असून सोबत वजनाशी संबंधित आजार आहे त्यांच्यासाठी. या मुलीचा येतो २५. भारतीयांच्या निकषात २५ ला लठ्ठपणाची सुरुवात धरतात हे खरं. पण इंजेक्शनचा उंबरठा तो नव्हे. मळमळ, उलट्या, जुलाब, बद्धकोष्ठता हे त्रास नेहमीचे. वजन भराभर उतरलं की पित्ताशयात खडे होऊ शकतात आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर झाला असेल, तर ते घ्यायचंच नाही. आणि चार महिन्यांनी बंद केलं की? चाचणीतल्या लोकांनी औषध थांबवल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. घंटा तिथेच होती, नकली पोस्टमन तेवढा गेला.

सगळ्यात नाजूक मुद्दा लग्नानंतरचा. सेमाग्लुटाइड गरोदर राहायच्या किमान दोन महिने आधी बंद करायला सांगतात. मौंजारो सुरू केल्यावर आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे गर्भनिरोधक गोळीवर विसंबून राहू नये, दुसरी काळजी घ्यावी, असंही बजावलेलं आहे. मुहूर्ताच्या आदल्या महिन्यापर्यंत इंजेक्शन आणि वर्षाच्या आत पाळण्याची घाई, अशा घरांत हा हिशोब कोण ठेवणार?

आईला निदान एवढं पटलं की, मेडिकलवाल्याला विचारून परस्पर आणायची ही गोष्ट नाही. तिने मधुमेह-हार्मोनच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, येत्या गुरुवारची. मुलीलाही सोबत ने, असं आम्ही तिला सांगितलंय. कारण एवढ्या सगळ्या बोलण्यात मुलीचं म्हणणं काय आहे, हे अजून कुणी विचारलेलं नाही.